एका शहराची दोन तिकिटे

अमेरिकेच्या आग्नेय भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले की एक सहल जवळजवळ ठरलेली असते. शार्लटहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर साउथ कॅरोलिनातले चार्ल्स्टन. रेनबो रो या रंगीत घरांच्या ओळीसमोर फोटो, बॅटरी या किनाऱ्यावरच्या बांधावरचा समुद्राचा वारा आणि जुन्या गावातून गाईडबरोबर दोन तासांची वॉकिंग टूर. परतल्यावर जेवणाच्या टेबलावर हल्ली एक वादही ठरलेला असतो. ‘गाईडबाई सगळा वेळ गुलामगिरीच सांगत होत्या, आपण सुटीला गेलो होतो की शोकसभेला?’ असा एक पक्ष. ‘आमच्या गाईडने तर गुलामगिरीचे नावही काढले नाही, केवढा हा कोडगेपणा!’ असा दुसरा. हाच वाद त्या देशात फार वरच्या पातळीवर चालू आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या स्मारकांवर अमेरिकनांची नालस्ती करणारा मजकूर नको, असा आदेश मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढला. त्या उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यानांत फलक लागले, की देशाबद्दल नकारात्मक काही आढळले तर आम्हाला कळवा. १२ एप्रिल १८६१ला ज्याच्यावर तोफा डागून यादवी युद्ध सुरू झाले, तो चार्ल्स्टनच्या बंदराच्या तोंडावरचा फोर्ट सम्टर राष्ट्रीय उद्यानांच्या त्याच खात्याकडे आहे.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो, कारण दोन्ही पक्ष मिनिटे मोजत बसले आहेत. दोन तासांपैकी गुलामगिरीला किती द्यायची, वीस मिनिटे की नव्वद? या भांडणातून बाजाराने एक तडजोड काढली आहे आणि ती इतकी समंजस दिसते की तिच्यावर कोणी शंकाच घेत नाही. टूर कंपन्यांच्या याद्या पाहा. एक ‘इतिहास आणि वास्तुकला’ टूर, एक बागांची, एक खाण्यापिण्याची, रात्रीची भुतांची, आणि एक वेगळी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची. ज्याला जे हवे त्याने त्याचे तिकीट घ्यावे. माझे म्हणणे असे आहे, की ही तडजोडच खरा घोळ आहे. चार्ल्स्टनमध्ये गुलामगिरी वेगळ्या तिकिटावर दाखवता येत नाही, कारण ती काढून घेतली तर उरलेल्या टूरमधल्या एकाही गोष्टीचे कारण सांगता येत नाही. मग वीस मिनिटे पुरतात की नव्वद लागतात, हा प्रश्नच उरत नाही.

हे तपासायला सर्वांत निरागस वाटणारी टूर घेऊ, वास्तुकलेची. चार्ल्स्टनचे खास घर म्हणजे ‘सिंगल हाउस’. एका खोलीइतके रुंद, अरुंद बाजू रस्त्याला लावून उभे, आणि लांब बाजूला दोन-तीन मजली व्हरांडे. या व्हरांड्याला तिथे पियाझा म्हणतात. रस्त्यावरचे दार घरात उघडत नाही, पियाझावर उघडते. गाईड सांगतो, की पियाझा बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला असतो, वारा यावा म्हणून. खरे आहे. पण ज्यांचे हजार-हजार एकरांचे मळे नदीकाठी होते, त्यांनी इतक्या दाटीवाटीने गावात घरे का बांधली? कारण मळ्यांवर उन्हाळ्यात मलेरियाचे थैमान असे. मे उजाडला की मालक सहकुटुंब गावात येई आणि पहिले दव गोठेपर्यंत इथेच राही. मळ्यावर कोण राहत असे? ज्यांना तिथून निघायची परवानगी नव्हती ते. म्हणजे तो डौलदार पियाझा वाऱ्यासाठी आहे हे अर्धेच उत्तर झाले. तो तिथे असण्याचे कारण चिखलातले भात आणि ते पिकवणारे लोक यांच्यापाशी जाते. पुढे त्याच घराच्या मागच्या अंगणात चला. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळे, पलीकडे धुणीघर, तबेला, आणि या सगळ्यांच्या माळ्यावर गुलामांच्या खोल्या. अंगणाभोवती उंच भिंत. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट घरात हा मागचा भाग फारशी रंगरंगोटी न करता ठेवला आहे. तिथे उभे राहिले की घराचा नकाशा लगेच कळतो. अनेक ठिकाणी याच मागच्या इमारती आता पाहुण्यांना भाड्याने देतात, आणि टूर पुढच्या फाटकावरूनच वळते.

भाताबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण कोकण-गोव्याच्या माणसाला हा भाग अमेरिकन पर्यटकापेक्षा लवकर समजेल. १६७०मध्ये वसलेल्या या वसाहतीत बार्बाडोसहून आलेल्या मळेवाल्यांचा भरणा मोठा होता. गुलाम ठेवायचे कायदे त्यांना ठाऊक होते, भात पिकवायचे ज्ञान नव्हते. ते आले पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या लोकांबरोबर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतीच्या जोरावर भात पिकवायची पद्धत रुळली. समुद्राची भरती नदीचे गोडे पाणी मागे लोटून वर उचलते. नेमक्या त्या वेळी बांधातले लाकडी दार उघडायचे, खाचरात पाणी घ्यायचे, ओहोटीला सोडून द्यायचे. गोव्यातल्या खाजणांत मानस, म्हणजे बांधातले दार, सांभाळणाऱ्याला हे काम काय असते ते विचारा. तिथे खारे पाणी अडवायचे असते, इथे गोडे पाणी आत घ्यायचे होते, पण भरती-ओहोटीची वेळ, पाण्याची चव आणि बांधाची नस ओळखण्याचे कसब त्याच जातीचे. हे अडाणी मजुरांचे काम नव्हे. मैलोन्‌मैल दलदल हाताने उपसून हे बांध घातले गेले, आणि त्या भातावर, जोडीला निळीवर, चार्ल्स्टन हे अमेरिकन क्रांतीच्या सुमारास ब्रिटिश उत्तर अमेरिकेतले दरडोई सर्वांत श्रीमंत शहर बनले. सिटी मार्केटात आज बायका गवताच्या सुंदर टोपल्या विणताना दिसतात, किंमत ऐकून आपले पाहुणे दचकतात. मळ्यावर भात पाखडायला ज्या रुंद टोपल्या लागत, त्यांचीच ही वंशज. ही टोपली कोणत्या टूरमध्ये घालायची? हस्तकलेच्या, खाद्यसंस्कृतीच्या की कृष्णवर्णीयांच्या?

कोणी म्हणेल, ठीक, पैसा तिथून आला. पण आज आम्ही बघतो ते जतन केलेले शहर आहे, आणि जतन ही विसाव्या शतकातली, वेगळी, अभिमानाची गोष्ट आहे. अभिमानाची आहेच. १९३१मध्ये चार्ल्स्टनने जुन्या वस्तीला कायद्याचे संरक्षण दिले. ऐतिहासिक परिसराला असे संरक्षण देणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. पण जतन करायला इतके काही शिल्लक का राहिले होते? यादवी युद्धानंतर गुलामांच्या श्रमावरचे अर्थकारण कोसळले, काही दशकांत भातही गेले, आणि जुने पाडून नवे बांधायला गावाकडे पैसाच उरला नाही. इतर शहरे श्रीमंत होत गेली आणि आपले जुने वाडे पाडत गेली. चार्ल्स्टन गरिबीमुळे बचावले. रेनबो रोचे ते गोड गुलाबी-पिवळे रंग १९३०च्या दशकात आले, तोवर ती पडझड झालेली व्यापारी घरे होती. दारू प्यालेल्या खलाशांना आपले घर ओळखता यावे म्हणून रंग दिले, ही दंतकथा गाईड लोक हसत हसत सांगतात. मग जतन यशस्वी झाले, भाव चढले, आणि जुने शहर वसलेल्या द्वीपकल्पावर एकेकाळी बहुसंख्य असलेले कृष्णवर्णीय रहिवासी आज तिथे अल्पसंख्य आहेत. तेव्हा ‘फक्त सौंदर्य’ पाहायला आलेला माणूसही गुलामगिरीनेच बांधलेले, तिच्या अंताने थिजवलेले आणि तिच्या वारसांना बाहेर ढकलून चकचकीत केलेले शहर पाहत असतो. त्याला हे सांगितले नाही, तर त्याने जे पाहिले तेही त्याला कळत नाही.

आता समोरच्या बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला साधा आहे: लोक सुटीला येतात, पैसे मोजतात, मुलांना घेऊन येतात, गाईडचे पोट टिपवर चालते. उदास झालेला माणूस टिप देत नाही. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण पर्यटकाला काळोखे काही नको असते, हे गृहीतक चार्ल्स्टनमध्येच खोटे ठरते. संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा. भुतांच्या टूरसाठी रांगा असतात. जुन्या तुरुंगापाशी लव्हिनिया फिशर नावाच्या बाईची कथा सांगतात, अमेरिकेची पहिली सिरियल किलर स्त्री वगैरे. तिला १८२०मध्ये फाशी दिले ते वाटमारीसाठी. खुनांची मालिका लोकांनी नंतर रचली. त्या रचलेल्या खुनांवर मुलाबाळांसह लोक पैसे मोजतात. त्याच तुरुंगाच्या शेजारी वर्कहाउस होते. गुलामाला स्वतः फटके मारणे नको वाटणारे मालक त्याला तिथे पाठवत आणि ठरलेली फी भरत. १८२५मध्ये तिथे माणसांनी पायांनी फिरवायचे चाकही बसवले. खोट्या खुनाने सुटी बिघडत नाही आणि खऱ्या पावतीने बिघडते, याचे कारण उदासपणा नव्हे. खुनी बाई आपली कोणी नाही. फी भरणारे सभ्य गृहस्थ मात्र आपल्यासारखे दिसतात.

शिवाय गुलामगिरीचा इतिहास म्हणजे दोन तास फटके, ही कल्पना कोणाची? आळशी गाईडची, आणि त्याच्यावर चिडलेल्या पर्यटकाची. १३ मे १८६२च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने ‘प्लँटर’ ही दक्षिणेच्या सैन्याची बोट चार्ल्स्टनच्याच धक्क्यावरून काढली. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले होते. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी घातली, वाटेत बायकामुलांना चढवून घेतले, प्रत्येक किल्ल्यासमोर बरोबर संकेत दिले, फोर्ट सम्टरच्या तोफांखालून सरळ निघून गेला आणि पुढे पांढरे निशाण चढवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली झाला. नंतर तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला, आणि ज्या घरात तो गुलाम म्हणून वाढला ते ब्यूफर्टमधले घर त्याने विकत घेतले. वॉटरफ्रंट पार्कमध्ये उभे राहून हे सांगताना कुठला बारा वर्षांचा मुलगा कंटाळेल? ही गोष्ट वेगळ्या तिकिटात कोंडल्यामुळे सर्वांत मोठे नुकसान होते ते ‘मौजेची’ टूर घेणाऱ्यांचे.

दुसरा आक्षेप आपल्याकडेही खूप चालतो: त्या काळच्या माणसांना त्या काळच्या मापाने मोजा. चालेल, पण माप पूर्ण घ्या. हेन्री लॉरेन्स चार्ल्स्टनमधल्या गुलामांच्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक, पुढे बंड करणाऱ्या वसाहतींच्या काँटिनेंटल काँग्रेसचा अध्यक्ष. त्याचाच मुलगा जॉन क्रांतियुद्धात गुलामांना सैन्यात घेऊन मोकळे करावे म्हणून भांडत होता. ग्रिमके भगिनी चार्ल्स्टनच्या न्यायाधीशाच्या मुली. हे शहर सोडून गेल्या आणि गुलामगिरीविरुद्ध जाहीर बोलू लागल्या. आणि मुख्य म्हणजे ‘त्या काळची माणसे’ यात गुलाम येतात की नाही? साउथ कॅरोलिनात १८६०च्या जनगणनेत सात लाखांवर लोकसंख्येपैकी चार लाखांहून अधिक गुलाम होते. म्हणजे त्या काळात तिथे राहणाऱ्या बहुसंख्य माणसांचे गुलामगिरीबद्दल काय मत होते ते सांगायला इतिहासकार लागत नाही. १७३९मध्ये स्टोनो नदीपाशी त्यांनी शस्त्रे उचलली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी वसाहतीने कडक कायदा केला. त्यात गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. काळाचे माप म्हणून आपण जे दाखवतो ते बहुतेक वेळा मालकाच्या घरातले माप असते.

तिसरा आक्षेप, सगळेच त्यात होते: ऱ्होड आयलंडची जहाजे, लिव्हरपूलचे सावकार, पकडून विकणारे आफ्रिकन राजे. मान्य, अक्षरशः मान्य. ही सगळी माहिती टूरमध्ये यावीच. पण भागीदार वाढले की धंदा लहान होत नाही.

मला खरोखर अडवणारा आक्षेप दुसऱ्याच दिशेने येतो. वेगळी टूर आम्हीच सुरू केली, असे कृष्णवर्णीय गाईड म्हणू शकतात, आणि ते खरे आहे. गावातले बाकीचे गाईड बागा आणि झुंबरे दाखवत असताना, चार्ल्स्टनच्या गल्ला (Gullah) समाजातल्या, म्हणजे स्वतःची बोली टिकवलेल्या गुलामांच्या वंशजांतल्या, लोकांनी आपल्या भाषेसह आपला इतिहास दाखवायला सुरुवात केली. त्या टूरमध्ये जी जवळीक आणि जो तपशील मिळतो, तो पाठ केलेल्या संहितेत येत नाही. शिवाय दुसऱ्यांच्या पूर्वजांचे हाल आइस्क्रीम चाटत ऐकणाऱ्या घोळक्यापुढे कोणत्याही गाईडने ते रंगवून सांगावेत, यात काही तरी ओंगळ आहेच. मग वेगळे तिकीट हाच स्वाभिमान नाही का? त्या टूर टिकाव्यात, वाढाव्यात. लोखंडकामाची वेगळी टूर असते, तशी कोणत्याही विषयाची खोलात जाणारी टूर असावी. माझा आक्षेप ती टूर असण्याला नाही, तिच्या अस्तित्वामुळे बाकीच्यांना मिळणाऱ्या सुटकेला आहे. ‘त्यासाठी आमच्याकडे दुसरी टूर आहे’ हे वाक्य उच्चारले की सर्वसाधारण टूर मोकळी होते. वेगळे तिकीट कोण काढतो? ज्याला आधीच पटलेले आहे तो. आणि लोखंडकामाचेच पाहा. चार्ल्स्टनची नक्षीदार फाटके हा वास्तुकलेच्या टूरचा मानबिंदू. त्यातली शेकडो कामे फिलिप सिमन्स (१९१२–२००९) या कृष्णवर्णीय लोहाराच्या भट्टीतली. त्याला कोणत्या यादीत टाकणार? हाल रंगवण्याची भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय गप्प बसणे हा नाही. काम सांगा, कसब सांगा, कायदा सांगा, किंमत सांगा. चार्ल्स्टनमध्ये भाड्याने कामाला पाठवलेल्या गुलामाला नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला घालावा लागे. त्यावर वर्ष, क्रमांक आणि धंदा कोरलेला: हमाल, कोळी, कारागीर. मालक त्यासाठी दरवर्षी शुल्क भरत. त्या एका बिल्ल्यात शहराचा महसूल, माणसाचे कसब आणि त्याची बेडी तिन्ही आहेत, आणि सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

याच कारणासाठी दुसऱ्या पक्षातल्या उत्साही मंडळींनाही सोडता येत नाही. सिटी मार्केटात गुलामांचे लिलाव होत, असे कळवळून सांगणारे गाईड भेटतात. ते चूक आहे. तिथे मांस, मासळी, भाजी विकत. लिलाव होत ते एक्स्चेंज या सरकारी इमारतीशेजारी, उघड्यावर. १८५६मध्ये शहराने ते रस्त्यावर करायला बंदी घातली, तेव्हा ते चामर्स स्ट्रीटच्या आसपासच्या बंदिस्त जागांत गेले, आणि त्यातलीच एक आजचे ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे. ही दुरुस्ती किरकोळ नाही. माणसांची विक्री मासळीबाजारात होत होती असे म्हटले की ती खालच्या लोकांची गलिच्छ गोष्ट वाटते. ती सरकारी दर्शनी इमारतीच्या सावलीत होत होती, आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून आत सरकवली गेली, हे कळले की शहर वेगळे दिसू लागते. डेन्मार्क व्हीझीचेही तसेच. लॉटरीच्या पैशांतून १७९९मध्ये स्वतःची मुक्तता विकत घेणारा हा सुतार १८२२मध्ये बंडाचा कट केल्याच्या आरोपावरून फासावर गेला. एकूण ३५ जणांना फाशी झाली. कट खरा होता की घाबरलेल्या न्यायालयाने फुगवला, यावर इतिहासकारांत २००१पासून जोरदार वाद आहे. चांगल्या गाईडने दोन्ही बाजू सांगाव्यात. भीती मात्र वादातीत होती: किंग स्ट्रीटवरच्या माइल्स ब्रूटन घराच्या कुंपणावरचे लोखंडी सुळे त्याच धास्तीतून आले असे मानतात, आणि मॅरियन स्क्वेअरवर उभारलेल्या शस्त्रागाराच्या जागी पुढे सिटाडेल हे लष्करी महाविद्यालय सुरू झाले. त्या इमारतीत आज हॉटेल आहे.

मग सक्ती करावी का? काही जणांना तेच सोपे वाटते. चार्ल्स्टनमध्ये गाईडला पूर्वी परवाना लागे: शेकडो पानांचे नगरपालिकेचे पुस्तक वाचून दोनशे प्रश्नांची लेखी परीक्षा. २०१६मध्ये काही होतकरू गाईड न्यायालयात गेले. २०१८मध्ये हा परवाना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरला, आणि २०२०मध्ये अपिलातही तेच कायम झाले. मला तो निकाल योग्य वाटतो, आणि गाईडने गुलामगिरी सांगितलीच पाहिजे असा नियम करा म्हणणाऱ्यांनी क्षणभर २०२५च्या आदेशाकडे बघावे. इतिहास काय सांगायचा हे ठरवण्याची किल्ली सरकारकडे दिली, की ती पुढच्या सरकारकडेही जाते. नगरपालिकेने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि काही तिने केल्याही. जून २०१८मध्ये परिषदेने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली, सात विरुद्ध पाच मतांनी. म्हणजे पाच जणांना तेव्हाही ते मान्य नव्हते. आणि ज्या गॅड्सडेनच्या धक्क्यावर, गुलामांच्या आयातीवर १८०८मध्ये बंदी येण्याआधीच्या काही वर्षांत हजारो आफ्रिकन उतरवले गेले, त्याच जागी जून २०२३मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उभे राहिले.

टूर ऐकून माणूस सुधारतो, या भ्रमात मी नाही. १७ जून २०१५ला इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना ठार करणारा तरुण त्याआधी या परिसरातल्या मळ्यांवर आणि सलिव्हन्स आयलंडवर फिरून फोटो काढून गेला होता. गुलाम म्हणून जे आफ्रिकन उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरवले गेले, त्यांच्यापैकी साधारण चाळीस टक्के लोक याच बंदरातून आले, आणि अनेकांना आधी त्या बेटावर रोगाच्या भीतीने अलग ठेवले जाई. तो तरुण हे सगळे पाहून आला आणि त्याने त्याला हवे तेच वाचले. तेव्हा प्रबोधन हा टूरचा हेतू मी मानतच नाही. गाईडची जबाबदारी त्याहून लहान आणि त्याहून काटेकोर आहे: समोर दिसते ते तसे का आहे, हे सांगणे. प्लंबरने पाइप कुठून येतो ते सांगावे, एवढीच अपेक्षा. ती पूर्ण झाली की गुलामगिरी आपोआप येते, मिनिटे मोजावी लागत नाहीत. जिथे ती येत नाही त्या टूरमध्ये मग गाईडला सतत काही तरी टाळावे लागते, आणि सराईत श्रोत्याला ती टाळाटाळ ऐकू येते.

‘हे त्यांचे पाप, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्या मराठी प्रवाशासाठी शेवटचा मुद्दा. जोतीराव फुल्यांना तसे वाटले नव्हते. १८७३मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, आणि पुण्यातल्या वाड्यांचे चौक नि सज्जे दाखवताना त्या कोणी वाचून दाखवत नाही. पण याहून थेट धागा पैशाचा आहे. फोर्ट सम्टरवर तोफा डागल्यावर आठवडाभरात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, म्हणून त्यांनी मुंबईकडे हात पसरले, आणि चार वर्षे मुंबईत कापसाच्या भावाने सोने बरसले. बँका निघाल्या, बॅक बेच्या भरावाचे शेअर आकाशाला भिडले, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. फोर्टमधल्या हेरिटेज वॉकमध्ये त्या टॉवरखाली थांबवून सांगतात, की प्रेमचंदच्या अंध आईला सूर्यास्ताआधी जेवता यावे म्हणून घड्याळाचे टोले होते. गोड गोष्ट आहे. देणगीचा पैसा कोणत्या युद्धातून आला आणि ते युद्ध कशावरून झाले, हे मी ऐकलेल्या एकाही वॉकमध्ये कोणी सांगितले नाही. आणि त्यासाठी मुंबईत वेगळे तिकीटही मिळत नाही.